झाडाची झोप आणि छाटणीचा काळ

बागकामाच्या पुस्तकात छाटणीचे प्रकरण उघडले की बहुधा पहिल्याच पानावर एक वाक्य भेटते : छाटणी थंडीत करावी. वाक्य खोटे नाही. पण ते ज्या हवेत लिहिले गेले त्या हवेपुरते खरे आहे. सफरचंद, नासपती, आलुबुखार ही फळे जिथे घरोघर पिकतात त्या युरोपात नोव्हेंबर लागला की झाडे पाने टाकून उघडी होतात, पुढे जमीन गोठते, आणि मार्चपर्यंत झाडाच्या अंगात हालचाल म्हणून दिसत नाही. तिकडचा माळी कात्री घेऊन बाहेर पडतो तो या काळात. हे ज्ञान इंग्रजी अमदानीत बंगल्यांच्या बागांतून आपल्याकडे आले, माळ्यांच्या तोंडी बसले, आणि त्याचा उगम कोठला हे विसरले गेले.

आता चोपडा तालुक्यात उभे राहून या वाक्याकडे पाहा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी. अक्षांश २१ च्या थोडा वर, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या आतलेच. थंडीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याखालीही जातो. पण दुपारी ऊन पडले की लिंबाच्या शेंड्याला कोवळी पालवी दिसते, पेरूला फळ असते, आणि बोरीचा तर तो ऐन हंगाम असतो. पौषात आपली बोर फळांनी वाकलेली असते. पुस्तक प्रमाण मानून तिला तेव्हा छाटायची, म्हणजे बोरांनी लगडलेल्या फांद्याच तोडायच्या! उलट चैत्र-वैशाखात, पारा ४३-४४ अंशांवर चढलेला असतो तेव्हा, हीच बोर पाने टाकून काट्याकुट्यांचा भारा होऊन उभी असते. पाहणाऱ्याला वाटावे, झाड वाळले. ते वाळलेले नसते, झोपलेले असते.

खानदेशात झाडांची झोप अशी एका ऋतूची नाही. काही झाडे थंडीत झोपतात, काही उन्हाळ्यात झोपतात, आणि काही अजिबात झोपत नाहीत. छाटणीचा काळ ठरतो तो या झोपेवरून, पंचांगातल्या महिन्यावरून नव्हे. वसंत व्याख्यानांचे दिवस आणि बोरीच्या झोपेचे दिवस एकच. तेव्हा थंडीतल्या छाटणीचा विषय वसंतात काढला म्हणून कोणी बोल लावू नये.

झोपेला एवढे महत्त्व का? झाडाचे अन्न पानांत तयार होते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण ते अन्न साठते कोठे, याकडे आपले लक्ष जात नाही. पानगळीचे झाड पाने टाकण्यापूर्वी त्यांतले जेवढे काढून घेता येईल तेवढे काढून घेते. पान पिवळे पडते ते त्यातला हिरवा रंग मोडून त्यातला नत्र आत ओढला गेल्यामुळे. ही पुंजी खोडात, जाड फांद्यांत आणि मुळांत पिठाच्या रूपाने जमा होते. घर बंद करून गावी जाणारा माणूस ओसरीवरची भांडी आत नेऊन ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी शेंड्याकडच्या बारीक फांद्या कापल्या तर ओसरी मोडली, कोठी शाबूत राहिली. पुढे जाग आली की तीच पुंजी थोड्या डोळ्यांत वाटली जाते आणि प्रत्येक डोळा जोमाने फुटतो.

सदाहरित झाडाचे असे नसते. लिंबू, आंबा, पेरू यांच्या पुंजीचा मोठा हिस्सा नेहमी पानांत आणि पानांजवळच्या कोवळ्या फांद्यांत खेळता असतो. त्यांची हिरवी फांदी कापली की कमावता हातच गेला. म्हणून बोरीला जी छाटणी मानवते ती लिंबाला मानवत नाही. दोन्ही झाडे काटेरी, दोन्ही एकाच मळ्यात उभी. पण एकाच कोयत्याने दोघांना हाणणारा मनुष्य एकाचे हित करतो आणि दुसऱ्याचे अहित.

दुसरी गोष्ट शेंड्याची. हरभरा वीतभर झाला की आपल्या बाया त्याचे शेंडे खुडून भाजी करतात. त्या भाजीची चव सांगायला नको. पण शेतकरी बायांना खुडू देतो तो केवळ भाजीसाठी नव्हे. शेंडा गेला की बगलेतल्या फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात. कपाशी फार उंच जाऊ लागली तर तिचा शेंडा मारतात, तोही याच हिशेबाने. शेंड्याचा डोळा एक द्रव्य तयार करतो, ते खाली उतरत राहते, आणि ते उतरत असेतो खालचे डोळे निजून राहतात. १९३३ साली थायमन आणि स्कूग या दोघांनी अमेरिकेत वालाच्या जातीच्या रोपांवर हे दाखवून दिले : शेंडा कापला की बगला फुटतात, पण कापलेल्या जागी तेच द्रव्य लावले, तर शेंडा नसूनही बगला फुटत नाहीत. अलीकडच्या संशोधनाने यात साखरेचाही वाटा असल्याचे दिसले आहे. शेंडा ती आपल्याकडे ओढून घेतो. तो गेला की खालच्या डोळ्यांच्या तोंडी ती पडते. कसेही असले तरी व्यवहार एकच. जिथे कापाल त्याच्या लगेच खालचे दोन-तीन डोळे फुटतील, आणि सर्वांत वरचा डोळा ज्या दिशेला तोंड करून असेल त्या दिशेला नवी फांदी जाईल. बाहेर पाहणाऱ्या डोळ्यावर कापले तर झाड उघडते, आत पाहणाऱ्या डोळ्यावर कापले तर झाडाच्या पोटात गर्दी होते. छाटणीची निम्मी विद्या एवढ्यात आली.

उरलेली निम्मी विद्या एका प्रश्नात आहे : या झाडाला फळ किंवा फूल कोणत्या लाकडावर येते? यंदाच्या नव्या फुटीवर की गेल्या सालच्या जुन्या फांदीवर? बोरीला ते नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते. म्हणून बोर जितकी नवी फुटेल तितकी फळेल, आणि न छाटलेली बोर वर्षानुवर्षे बारीक काटक्या वाढवीत बसेल. तिची फळे दरसाल लहान होत जातात, बी मोठी आणि गर पापुद्र्याएवढा; मग लोक म्हणतात, झाड उतरले. झाड उतरत नाही, त्याला कोणी छाटलेले नसते.

जळगावच्या मेहरूणची बोरे खानदेशात मुद्दाम मागून घेतात. मेहरूण आज जळगाव शहरात सामावले आहे. जिथे बोरी होत्या तिथे घरे झाली. ही जात टिकायची असेल तर ती आता शेताच्या बांधावर आणि घराच्या परसातच टिकेल, आणि तिथे तिला छाटणारा हात हवा. या लेखाच्या मुळाशी जी काळजी आहे ती मुख्यतः ही. बोरे संपली, पाने पिवळी होऊन गळू लागली, की एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत छाटणी उरकावी. गेल्या सालच्या वाढीचा पाव ते निम्मा भाग काढावा; एकमेकींवर घासणाऱ्या, जमिनीकडे लोंबणाऱ्या, रोगट आणि वाळक्या फांद्या बुडापासून काढाव्यात. चार-पाच वर्षांतून एकदा थोडी खोल छाटणी केली तरी झाड ती सोसते. झाड लहान असेल तर जमिनीपासून दोन-अडीच फूट खोड मोकळे ठेवून वर चार दिशांना चार फांद्या राखाव्यात; पुढचा सारा संसार त्या चौघींवर.

छाटणी लांबवून पाऊस पडल्यावर करू नये. पाऊस पडण्याच्या आतच झाड जागे होऊ लागलेले असते. त्याने कोठीतले दाणे काढून नवी फूट केली आणि मग ती आपण कापली, तर ते दाणे वाया गेले. शिवाय फूल मागे पडते आणि बोरे उशिरा हाती येतात. एवढ्या उन्हात, पाण्यावाचून, नुकती छाटलेली बोर पावसाच्या आधीच कशी फुटते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्यात गूढ काही नाही. तिचे सोटमूळ खोल गेलेले असते, कोठी भरलेली असते, आणि पाणी उडवायला पाने नसतात. छाटणीबरोबर बुंध्याभोवतीची माती खणून उलटी करावी. बोरात जी अळी निघते ती कोषात जाते ती या मातीत. मे महिन्याच्या उन्हात कोष उघडे पडले की पक्षी आणि ऊन दोघे मिळून त्यांचा समाचार घेतात. आणि मोकळ्या झाडात वारा खेळता राहिल्याने पुढे थंडीत भुरीचा त्रासही कमी होतो.

बांधावर गावठी, आंबट बोरीचे झाड असेल तर ते मुळासकट काढू नका. उन्हाळ्यात ते दोन फुटांवर कापा. पावसाच्या तोंडाला बुंध्यातून धुमारे फुटतील. त्यांतला एखाद-दुसरा जोमदार सरळ धुमारा राखा, बाकीचे काढा, आणि जुलैच्या सुमारास पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर त्यावर मेहरूणचा किंवा उमराणचा डोळा भरून घ्या. जुनी मुळे तयारच असल्याने असे झाड नव्या रोपापेक्षा लवकर फळाला येते. डोळ्याच्या खालून गावठी फूट येत राहते, ती मात्र दरसाल निर्दयपणे काढली पाहिजे. नाहीतर दोन वर्षांत गावठी झाड कलमाला गिळून टाकते आणि दोष नर्सरीवाल्यावर येतो.

आता ज्यांना पुस्तकातले ‘थंडीत छाटावे’ हे वाक्य तंतोतंत लागू पडते अशी झाडे पाहू. अशी झाडे आपल्याकडे आहेत, आणि ती बहुतेक फुलांची आहेत.

पण पहिला मान फालशाला द्यायला हवा. उन्हाळ्यात फालशाचे सरबत प्यालेल्यांपैकी कितीकांनी त्याचे झुडूप पाहिले असेल याची मला शंका आहे. आपल्या हवेत पौषाच्या सुमारास ते पाने टाकते, फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या फुटीवर फुलते आणि एप्रिल-मे मध्ये जांभळी फळे देते. म्हणजे झोप थंडीत आणि फळ नव्या लाकडावर. डिसेंबर-जानेवारीत ते कमरेइतक्या उंचीवर सरसकट कापून टाकावे. भीती बाळगू नये. न छाटलेला फालसा डोक्यावर जातो, फळे शेंड्यांवर लागतात आणि ती पाखरांच्या वाट्याला जातात. ज्यांचे अंगण लहान आहे आणि ज्यांना घरचे फळ हवे आहे त्यांनी हे झुडूप अवश्य लावावे. पाणी थोडे पुरते, छाटणीला अर्धा तास लागतो.

मोगऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो पाने टाकीत नाही. त्याला आपण निजवतो. नोव्हेंबरअखेर पाणी तोडायचे, पाने मलूल होऊन गळू लागली की जानेवारीत झुडूप हात-सव्वा हात उंचीवर छाटायचे, माती चाळून खत घालायचे आणि मग पाणी सुरू करायचे. मार्चपासून कळी लागते. जाई-जुईच्या वेलांनाही थंडीतली छाटणी मानवते. पारिजातक श्रावणापासून दिवाळीनंतरपर्यंत नव्या फांद्यांवर फुलून दमलेला असतो. त्याला जानेवारीत छाटावा. घरोघरी पारिजातकाचे झाड उंच, विरळ, बुडाशी उघडे आणि फुले शेजाऱ्याच्या अंगणात, अशी अवस्था दिसते. सत्यभामा-रुक्मिणीची कथा आपल्याकडे कौतुकाने सांगतात, पण दरसाल एक तृतीयांश फांद्या काढल्या तर त्या कथेची पुनरावृत्ती टळेल. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेला तामण हाही थंडीच्या अखेरीस पाने टाकतो आणि उन्हाळ्यात नव्या फुटीच्या शेंड्यांवर जांभळे तुरे आणतो. त्यालाही पानगळीच्या वेळी हलकी छाटणी चालते.

याच्या उलट बहावा आणि कांचन. हीही थंडीच्या शेवटी पाने टाकतात, झोपलेली दिसतात, आणि इथेच कात्री फसते. कांचन फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहावा एप्रिल-मे मध्ये फुलतो तो गेल्या सालच्या उघड्या फांद्यांवर. जानेवारीत त्या छाटल्या की वर्षाची फुले गेलीच. अशा झाडांना फूल ओसरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर हात लावावा. झोप पाहिली पण लाकूड पाहिले नाही, तर काय होते याचा हा उत्तम नमुना आहे. डाळिंबाचेही असेच. त्याचे फूल जुन्या फांदीवरच्या आखूड, टोचऱ्या काड्यांच्या टोकाला येते आणि अशी काडी तीन-चार वर्षे फळ देते. डाळिंबाला ‘साफ’ करायच्या उत्साहात या काड्याच खरवडून टाकणारे बागवान मी पुष्कळ पाहिले आहेत.

गुलाबाला लोक थंडीत छाटतात ते उशिरा होते. आपल्याकडे पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटावा. सहा-सात आठवड्यांत फूल येते आणि थंडीभर टिकते. इंग्रजी पुस्तकातला गुलाब थंडीत झोपतो, आपला गुलाब थंडीतच जागा असतो.

सीताफळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकते तेव्हा हलकेच छाटावे. पेरूला नव्या फुटीवर फळ येते, म्हणून बहार संपल्यावर शेंडे मारणे त्याला मानवते. पण लिंबाकडे थोडे थांबून पाहावे लागेल, कारण जळगाव जिल्ह्यात कागदी लिंबाच्या बागा पुष्कळ आहेत आणि लिंबाच्या छाटणीविषयीचे गैरसमज त्याहून पुष्कळ आहेत. लिंबू झोपत नाही. त्याला कापायचे ते फक्त तीन प्रकारचे लाकूड : वाळलेले, खैऱ्याने चट्टे पडलेले, आणि पाणसोट. बुंध्यातून किंवा जाड फांदीतून उभा, रसरशीत, लांब काट्यांचा आणि मोठ्या पानांचा जो फोक निघतो तो पाणसोट. दिसायला तो झाडातला सर्वांत देखणा. म्हणून कापायला हात धजत नाही. पण तो फळ देत नाही आणि इतरांचे पाणी पितो. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघाला असेल तर तो मुळी त्या जातीचाच नव्हे. कोवळा असतानाच तो हाताने मोडून काढावा. जून झाल्यावर कापला तर त्याच जागी दोन निघतात. संत्र्याच्या मुलखात वाळलेले लाकूड काढण्याला ‘सल काढणे’ म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. काट्याचा सल काढावा तसे ते काम सावकाश, शोधून शोधून करायचे असते.

माणूस झाडाच्या झोपेत किती ढवळाढवळ करू शकतो, याचे मोठे उदाहरण नाशिककडची द्राक्षबाग. थंड देशात द्राक्षवेल थंडीत झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो पुरता झोपत नाही. म्हणून आपल्या बागाइतदारांनी त्याला दोनदा छाटायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये खरड छाटणी : काडी एक-दोन डोळ्यांवर आणून ठेवायची, म्हणजे नवी काडी येते आणि तिच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या प्रकाशात घडाचा गर्भ धरतो. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी : गर्भ असलेले डोळे मोजून राखायचे आणि पुढचे कापायचे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तयार. युरोपातल्या एका छाटणीची आपण दोन कामे केली. पुस्तक तेच, पण वाचणाऱ्याने ते आपल्या हवेत वाचले. पुरंदर तालुक्यातले अंजिराचे बागवान याहून नाजूक युक्ती करतात. ज्या डोळ्यातून फूट हवी त्याच्या किंचित वर सालीत लहानशी खाच पाडतात. शेंड्याकडून येणारे ते निजवणारे द्रव्य खाचेपाशी अडते आणि नेमका तोच डोळा जागा होतो. थायमन आणि स्कूग यांनी जे प्रयोगशाळेत दाखवले तेच हे, चाकूच्या एका रेघेत.

केव्हा कापायचे हे झाले. आता कसे कापायचे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडी असते, मनगटावर सुटलेल्या वळीसारखी. पूर्वीची शिकवण अशी की फांदी खोडाला अगदी घासून कापावी, म्हणजे जागा सपाट दिसते. ॲलेक्स शिगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या काळात हजारो झाडे उभी चिरून आत पाहिली, आणि ही शिकवण उलटवली. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. कुजलेले लाकूड पुन्हा ताजे होत नाही; झाड त्याच्याभोवती भिंत घालून त्याला आत कोंडते आणि वरून नवे लाकूड घालते. ही भिंत घालण्याची सामग्री त्या कडीत असते. घासून कापले की कडीच जाते आणि कूज खोडात उतरते. उलट वीतभर खुंटी राखली तर खुंटी वाळून तीच कुजेची वाट होते. म्हणून कडी राखून, तिच्या अगदी बाहेर कापावे. फांदी जड असेल तर ती तीन घावांत उतरवावी : पहिला घाव हातभर अंतरावर खालून, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते, आणि उरलेली खुंटी तिसऱ्या घावात कडीपाशी. बारीक फांद्यांना सिकेटर, अंगठ्याहून जाड फांद्यांना करवत. कोयत्याने लाकूड फाटते. कोयता कुंपणासाठी ठेवावा.

कापलेल्या जागी काही लावावे का? शिगोच्या मते मोठमोठे लेप कूज थांबवीत नाहीत, आणि डांबर तर मुळीच लावू नये. पण शिगोच्या देशात वैशाखाचे आपले ऊन नाही. छाटणीनंतर जी साल प्रथमच उन्हात येते ती खानदेशात भाजून तडकते, आणि तडकलेल्या सालीत किडा आणि बुरशी शिरते. म्हणून उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याची सफेदी देणे हे आपल्याकडे हौसेचे काम नव्हे. लिंबूवर्गीय झाडांना बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवावे आणि मग तिसऱ्या भांड्यात एकदम ओतून ढवळावे. लोखंडी पाते त्यात क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस रंग चढला तर मोरचूद मोकळे आहे, आणखी चुना घालावा. या औषधाचा जन्मही गमतीचा आहे. फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर बागाइतदार चोरांना भिववण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडीत. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्याचे मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानात आले, आणि १८८५ साली त्याने त्याची रीत प्रसिद्ध केली. चोर भ्याले की नाही कोण जाणे. बुरशी मात्र भ्याली.

गावातल्या रस्त्यांवरच्या झाडांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्यापूर्वी तारांखालची झाडे छाटतात, ते आवश्यकच आहे. पण छाटणी म्हणजे मुंडके उडवणे नव्हे. डोके उडवलेले झाड मरत नाही, उलट दुप्पट धुमारे काढते, आणि ते भ्रमाचे कारण होते. हे धुमारे वरच्या सालीतून निघालेले असतात, त्यांची मुळे लाकडात खोल नसतात; चार वर्षांनी जाड झाल्यावर वादळात तेच मोडून अंगावर येतात. खालचा बुंधा आतून पोकळ होत जातो तो वेगळाच. नागरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड तोडणे या शब्दात तो जाळणे आणि कोणत्याही रीतीने इजा करणे हेही धरतो. आपल्या दारातल्या झाडावर मोठी करवत चालवण्यापूर्वी नगरपालिकेत विचारून घ्यावे.

पुन्हा बोरीकडे येऊन थांबतो. छाटलेल्या फांद्या जाळू नका. मे महिन्यात रानात चारा नसतो. शेंड्याकडे जो थोडा पाला राहिलेला असतो तो शेळ्या काट्यांतूनही निवडून खातात. पाला संपला की त्याच फांद्या रोपांभोवती किंवा वावराच्या तोंडाशी उलट्या, बुंधे आत आणि शेंडे बाहेर करून रचाव्यात आणि वर एक-दोन दगड ठेवावेत. नांगरणीपासून कापणीपर्यंत ते कुंपण पुरते. काटे वाकडे असल्याने फांद्या एकमेकींत अडकतात, त्यामुळे दोरही लागत नाही. रचताना जाड गोणपाट हाताला गुंडाळावे आणि चपला घालूनच तिथे फिरावे, कारण गळालेला काटा मातीत वर्षभर ताठ राहतो.